हवा किती मारू?

कोल्हापूरच्या शाहूपुरीत पंक्चरच्या दुकानासमोर गाडी उभी केली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "हवा किती मारू?" आपण सवयीनं "तीस" म्हणतो. कॉम्प्रेसर धडधडतो, काटा वर चढतो, तीसवर थांबतो, व्हॉल्व्हवर टोपण बसतं आणि आपण निघतो. त्या मिनिटाभरात अकरावी-बारावीच्या पुस्तकातलं एक समीकरण डोळ्यांसमोर घडून गेलेलं असतं. मुलं ते एका दमात म्हणून दाखवतात: पीव्ही इज इक्वल टू एनआरटी. आदर्श वायूचं समीकरण.

अकरावीच्या रसायनशास्त्रात ते एकदा भेटतं आणि बारावीच्या भौतिकशास्त्रात वायूंच्या गतिज सिद्धांताबरोबर पुन्हा येतं. मी बरीच वर्षं या वर्गांना शिकवतो आहे. हे समीकरण पाठ नाही असं मूल क्वचितच भेटतं, पण गणित सोडवताना निम्मा वर्ग अडखळतो. गुणाकार-भागाकार सगळ्यांना येतो. चूक बहुतेक वेळा एकाच जागी होते: मोजायला सुरुवात कुठून करायची तिथे. दाबाचं शून्य कुठलं आणि तापमानाचं शून्य कुठलं, हे एकदा पक्कं झालं की हे समीकरण आयुष्यभर साथ देतं. म्हणून त्या दोन शून्यांपर्यंत आपण सावकाश जाऊ.

पत्र्यावरचा पाऊस

आधी चार राशी ओळखून घेऊ. बंद भांड्यात वायू आहे. तो किती आहे, हे मोलमध्ये मोजतात. त्यानं किती जागा व्यापली आहे, ते आकारमान. तो किती गरम आहे, ते तापमान. आणि तो भिंतींना किती जोरानं रेटतो आहे, तो दाब.

पहिल्या तीन राशी सहज पटतात. दाबाशी मात्र थोडं थांबावं लागतं. हवेचे रेणू क्षणभरही स्वस्थ नसतात. २७ अंश सेल्सिअसला नायट्रोजनचे रेणू सेकंदाला साधारण पाचशे मीटर वेगानं धावत असतात. ते एकमेकांवर आपटतात, भिंतीवर आपटतात आणि उलटे फिरतात. भिंतीवरची प्रत्येक धडक म्हणजे एक बारीकसा धक्का.

आपल्याकडे जुलैत पत्र्याच्या छपराखाली बसलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. पावसाची सुरुवात होताना एकेक थेंब टप् टप् असा वेगळा ऐकू येतो. पाऊस जोर धरतो आणि थेंब मोजता येईनासे होतात, उरतो तो एकसारखा घोष. थेंब सुटेच असतात, पण इतके आणि इतक्या वेगानं पडतात की छपराला त्यांचा एक अखंड भार जाणवतो. वायूचा दाब हा असाच अब्जावधी धडकांचा एकत्रित भार आहे.

हे चित्र मनात धरलं की समीकरणातला प्रत्येक संबंध आपोआप सुचतो. जागा निम्मी केली तर रेणू भिंत लवकर लवकर गाठतात, धडका वाढतात, दाब वाढतो. वायू तापवला तर रेणू जोरात धावतात, धडका वाढतात आणि प्रत्येक धडक अधिक जोराची होते. रेणू वाढवले तर आपटणारेच वाढतात. सगळं समीकरण या तीन वाक्यांत आलं.

एका वेळी एकच हलवा

आता हे हातानं करून पाहू. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली दहा मिलिलिटरची सिरिंज आणा. दट्ट्या दहाच्या खुणेवर ठेवा, टोक बोटानं घट्ट बंद करा आणि दट्ट्या सावकाश आत दाबा. पाचच्या खुणेपाशी पोचेपर्यंत बोटाला आतली हवा चांगलीच रेटू लागते. जागा निम्मी झाली, दाब दुप्पट झाला. सोडा, दट्ट्या जवळपास मूळ जागी येतो. वायू तेवढाच आणि तापमान तेच असेल तर दाब आणि आकारमान यांचा गुणाकार बदलत नाही. रॉबर्ट बॉइल यानं १६६२ मध्ये हेच प्रसिद्ध केलं. वाकवलेल्या काचेच्या नळीच्या बंद टोकाशी त्यानं हवा कोंडली आणि उघड्या टोकातून पारा ओतत तिची उंची मोजत गेला.

दुसरा प्रयोग फुग्याचा. एक लिटरच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुगा ताणून बसवा आणि बाटली सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरा. लोंबणारा फुगा हळूहळू मान वर करतो. बाटली बाहेर काढून गार पाण्यात ठेवली की पुन्हा मलूल होतो. इथे दाब साधारण बाहेरच्या हवेइतकाच राहिला, बदललं ते तापमान, आणि त्यामागून आकारमान. हा चार्ल्सचा नियम. जाक चार्ल्स यानं १७८३ मध्ये पॅरिसहून हायड्रोजनचा फुगा आकाशात सोडला होता, पण या विषयावरचं आपलं काम त्यानं छापलं नाही. १८०२ मध्ये गे-ल्युसॅकनं आपली मोजमापं प्रसिद्ध करताना त्याचं श्रेय आठवणीनं नोंदवलं.

तिसरा प्रयोग पंक्चरवाला रोज करतो. टायर तोच, तापमान जवळपास तेच, आत हवा मात्र वाढत जाते आणि काटा चढतो. रेणूंची संख्या वाढली की दाब वाढतो. यामागचं मोठं पाऊल आमेदेओ ॲव्होगॅड्रो याचं आहे. १८११ मध्ये त्यानं मांडलं की दाब आणि तापमान सारखं असेल तर समान आकारमानात कोणत्याही वायूचे रेणू सारख्याच संख्येनं असतात. वायू हलका की जड, याचा इथे संबंध नाही.

हे तिन्ही नियम वेगवेगळ्या माणसांना दीडशे वर्षांच्या अंतरात सापडले. १८३४ मध्ये क्लॅपेरॉन या फ्रेंच अभियंत्यानं बॉइल आणि चार्ल्स यांचे नियम एका ओळीत आणले. पुढे मोलची भर पडून आजचं रूप तयार झालं:

दाब × आकारमान = मोल × स्थिरांक × तापमान

यातला स्थिरांक सगळ्या वायूंना एकच, ८.३१४. दाब किलोपास्कलमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये घेतलं तर गुणाकार थेट ज्यूलमध्ये येतो, म्हणून शाळेच्या गणितांसाठी ही जोडी सोयीची.

दोन खरी शून्यं

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. हवा ३० अंशांवरून ६० अंशांवर नेली तर तापमान दुप्पट झालं का? आकडा दुप्पट झाला, पण फुगा दुप्पट फुगत नाही. सेल्सिअसचं शून्य हे बर्फ वितळण्याचं तापमान आहे. माणसांनी सोयीसाठी तिथे खूण केली. बर्फाच्या तापमानालाही रेणू धावतच असतात, दाब देतच असतात. मग खरं शून्य कुठे?

वायूंनीच ते दाखवलं. दाब कायम ठेवून वायू थंड करत गेलं की दर अंशाला त्याचं आकारमान ठरावीक हिश्शानं घटतं, शून्य अंशाला असलेल्या आकारमानाच्या २७३ व्या भागानं. गे-ल्युसॅकच्या मोजमापात हा भाग २६७ च्या आसपास आला होता, पुढच्या काटेकोर प्रयोगांनी तो २७३ वर आणला. आलेखावर ही सरळ रेषा मागे वाढवत नेली तर ती उणे २७३ अंशांपाशी शून्याला टेकते. प्रत्यक्षात वायू तिथे पोचण्याआधीच द्रव होतात, पण कुठलाही वायू घेतला तरी रेषा त्याच बिंदूकडे बोट दाखवते. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन, यानं १८४८ मध्ये निरपेक्ष तापमानाची कल्पना मांडली. काटेकोर आकडा उणे २७३.१५. सेल्सिअसमध्ये तेवढे मिळवले की केल्विन. ३० अंश म्हणजे ३०३ केल्विन, ६० म्हणजे ३३३. वाढ जेमतेम दहा टक्के.

हे पहिलं शून्य. पुस्तक ते सांगतं आणि मुलांच्या लक्षातही राहतं. दुसरं शून्य पंक्चरच्या दुकानात आहे, आणि तिकडे फारसं कुणी पाहत नाही.

टायर पूर्ण बसलेला आहे. काटा शून्य दाखवतो. आपण म्हणतो, हवा गेली. पण टायरच्या आत निर्वात पोकळी झालेली नाही. आत हवा आहे आणि तिचा दाब बाहेरच्या हवेइतकाच आहे. काटा आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो, म्हणून तो शून्यावर बसला. आपली "तीस पाउंड हवा" म्हणजे बाहेरच्यापेक्षा तीस पाउंड जास्त.

बाहेरचा दाब किती? कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. समुद्रकाठी हवेचा दाब १०१.३ किलोपास्कल, आपल्याकडे तो सुमारे ९५. पंक्चरवाल्याच्या भाषेत पावणेचौदा पाउंड प्रति चौरस इंच. म्हणजे काटा तीस दाखवतो तेव्हा टायरच्या आतला पूर्ण दाब असतो ४३.७५ पाउंड. समीकरणाला हाच आकडा द्यायचा.

तापलेला टायर

एप्रिलची सकाळ. चारचाकीच्या टायरमध्ये हवा भरली, काटा ३०, तापमान २२ अंश. दुपारी हायवेवरून लांबचा पल्ला मारून आल्यावर टायरमधली हवा ५२ अंशांपर्यंत तापली असं धरू. आता काटा किती दाखवेल?

एक मूल सेल्सिअसच घेतं: ३० ला ५२ नं गुणून २२ नं भागतं. उत्तर जवळपास ७१. इतका दाब खरंच होत असता तर उन्हाळ्यात रस्त्यावर एक टायर शाबूत राहिला नसता. दुसरं मूल केल्विन आठवणीनं घेतं, पण दाब काट्यावरचाच घेतं: ३० गुणिले ३२५ भागिले २९५, उत्तर ३३. हे पटण्याजोगं दिसतं, म्हणूनच जास्त फसवं.

बरोबर रीत अशी. टायर बंद आहे, म्हणून मोल कायम. टायर फारसा ताणत नाही, म्हणून आकारमानही कायम धरू. उरले दाब आणि तापमान, दोन्ही खऱ्या शून्यापासून मोजलेले. ४३.७५ गुणिले ३२५ भागिले २९५ म्हणजे ४८.२. काट्याची भाषा परत आणण्यासाठी त्यातून बाहेरचे १३.७५ वजा करा. उत्तर साधारण साडेचौतीस.

रोजच्या वापरातला एक धडा यातून मिळतो. टायरची हवा सकाळी, गाडी धावण्यापूर्वी तपासावी. दुपारी काटा चौतीस दाखवतो म्हणून हवा सोडून तीसवर आणली, तर टायर गार झाल्यावर तो तीसच्या बराच खाली जातो, आणि कमी हवेवर चालणारा टायर जास्त दबतो, जास्त तापतो.

शाहूपुरीतला एक मोल

मुलांच्या डोक्यात आणखी एक आकडा घट्ट बसलेला असतो: २२.४ लिटर. कुठल्याही वायूचा एक मोल २२.४ लिटर जागा व्यापतो, असं ते पाठ करतात. हा आकडा शून्य अंश तापमानाचा आणि समुद्रकाठच्या दाबाचा. शाहूपुरीत कधी शून्य अंश होत नाही आणि इथून समुद्र घाटाखाली आहे. मग आपल्याकडचा मोल केवढा?

तापमान २७ अंश, म्हणजे ३०० केल्विन. ८.३१४ गुणिले ३००, बरोबर २४९४. त्याला ९५ नं भागा. सव्वासव्वीस लिटर. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार डोळ्यांसमोर आणा. त्याहून चांगला मोठा. एवढ्या जागेत ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके रेणू असतात. हायड्रोजन असेल तर त्याचं वजन दोन ग्रॅम, ऑक्सिजन असेल तर बत्तीस, कार्बन डायऑक्साइड असेल तर चव्वेचाळीस, जागा मात्र तीच.

हाच हिशेब खोलीला लावू. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, तीन मीटर उंच, म्हणजे ३६ घनमीटर किंवा ३६,००० लिटर. सव्वासव्वीसनं भागा, साधारण १३७० मोल. हवेच्या एका मोलचं वजन सुमारे २९ ग्रॅम. गुणाकार केला की जवळपास चाळीस किलो. शाहूपुरी ही पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवली. कोल्हापुरी गुळाचा तीस किलोचा रवा उचलून ठेवताना पाठीला कळ लागते, आणि त्याहून जड हवा आपल्या खोलीत असते. हवा म्हणजे काहीच नाही, ही समजूत मुलांच्या मनातून काढायला या एका गणितासारखं दुसरं साधन मला सापडलेलं नाही.

आंबा घाट उतरताना

चारही राशी एकत्र कशा काम करतात, ते पाहायला रत्नागिरीचा रस्ता चांगला. सकाळी कोल्हापुरात पाणी पिऊन प्लॅस्टिकची एक लिटरची रिकामी बाटली घट्ट बंद केली आणि पिशवीत टाकली. आंबा घाट उतरून समुद्रावर पोचल्यावर बाटली चेपलेली दिसते. कुणी चेपली?

बाटलीत कोल्हापूरची हवा कोंडलेली आहे, दाब ९५. समुद्रकाठी बाहेरचा दाब १०१.३. तापमान तेच राहिलं असतं आणि प्लॅस्टिकनं अजिबात विरोध केला नसता, तर एक लिटर हवा आक्रसून ०.९४ लिटर झाली असती. पण खाली कोकणात ऊनही जास्त. सकाळी बंद करताना २२ अंश, समुद्रावर ३० अंश धरले तर तापमानामुळे हवा थोडी फुगते: २९५ वरून ३०३ केल्विन. ०.९३८ गुणिले ३०३ भागिले २९५, म्हणजे ०.९६ लिटर. दाबानं चेपलं, उष्णतेनं थोडं सावरलं. दोन्हींची बेरीज-वजाबाकी एकाच ओळीत झाली, हे या समीकरणाचं बळ.

उलट, कोल्हापूरपेक्षा उंचावर पन्हाळा गड आहे, साडेनऊशे मीटरच्या वर. तिथे बाहेरचा दाब सुमारे ९०. कोल्हापुरात पॅक झालेलं वेफर्सचं पाकीट गडावर नेलं की पाच-साडेपाच टक्क्यांनी फुगू पाहतं. हात लावला की ताठ लागतं.

आदर्श म्हणजे काय?

समीकरणाच्या नावात "आदर्श" हा शब्द आहे आणि तो जपून वाचायला हवा. रेणूंना स्वतःची जागा लागत नाही आणि ते एकमेकांना ओढत नाहीत, असं धरून हे समीकरण उभं आहे. आपल्या भोवतालच्या हवेत रेणू एकमेकांपासून इतके लांब असतात की हे धरणं जवळपास खरं ठरतं. ते दाटीनं जवळ आले की फरक पडतो.

रिक्षातल्या सीएनजीचं पाहा. टाकीत तो साधारण २०० बार दाबानं भरतात, म्हणजे हवेच्या दाबाच्या दोनशे पट. इतक्या दाटीत रेणूंची एकमेकांवरची ओढ जाणवू लागते आणि समीकरण सांगतं त्यापेक्षा पंधरा ते वीस टक्के जास्त वायू टाकीत मावतो. तरीही तो वायूच असतो, म्हणून गॅस वापरला जाईल तसा दाब उतरतो आणि काटा पाहून किती उरला ते कळतं.

स्वयंपाकघरातल्या सिलिंडरची गोष्ट वेगळी. त्यातला १४.२ किलो गॅस बहुतांशी द्रव असतो. वरच्या मोकळ्या जागेतला वायू शेगडीकडे गेला की खालचा द्रव उकळून ती जागा भरून काढतो. द्रव शिल्लक आहे तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो. सिलिंडर काठोकाठ असो की तळाला आलेला, दाब तोच. म्हणून सिलिंडरवर दाबाचा काटा लावून गॅस किती उरला हे कळणार नाही, वजनच करावं लागतं. इथे पीव्ही बरोबर एनआरटी वापरलं तर उत्तर पार चुकतं. समीकरण कुठे लावायचं याइतकंच ते कुठे लावायचं नाही हेही शिकायचं असतं. रेणूंची जागा आणि ओढ हिशेबात घेणारं सुधारित समीकरण डच शास्त्रज्ञ व्हॅन डर वाल्स यानं १८७३ मध्ये दिलं.

गणिताला बसण्यापूर्वी

आता वही उघडा. गणित वाचल्यावर सूत्र लिहिण्याआधी चार गोष्टी कागदावर मांडा. भांडं बंद आहे की उघडं? बंद असेल तर मोल कायम. भिंत हलू शकते का? टायरसारखी घट्ट असेल तर आकारमान कायम, फुग्यासारखी सैल असेल तर दाब बाहेरच्या हवेइतका. तापमान केल्विनमध्ये आणलं का? दाब पूर्ण घेतला की काट्यावरचा? एवढं झालं की सूत्र आपोआप आखूड होतं. बॉइल, चार्ल्स, गे-ल्युसॅक यांचे नियम वेगवेगळे पाठ करावे लागत नाहीत, कायम राहिलेल्या राशी खोडल्या की हवा तो नियम हातात उरतो.

शेवटी एक उदाहरण तुमच्यासाठी. थंडीतली सकाळ आहे, पन्हाळ्यावर १७ अंश तापमान, दाब ९० किलोपास्कल. तिथे एक मोल हवा किती लिटर? गडावर गारवा, म्हणून हवा शाहूपुरीपेक्षा आक्रसलेली असेल, असं पटकन वाटतं. करून पाहा: ८.३१४ गुणिले २९०, भागिले ९०. उत्तर २६.८ लिटर. गार असूनही शाहूपुरीतल्या मोलपेक्षा मोठा. तापमानानं जेवढं आवळलं, त्याहून जास्त कमी दाबानं मोकळं सोडलं. हे उत्तर पाहून जे मूल क्षणभर थांबतं आणि मग "हां, बरोबर आहे" म्हणतं, त्याला हे समीकरण कळलं.

आणि पुढच्या वेळी पंक्चरवाल्यानं "हवा किती मारू?" विचारलं की "तीस" म्हणा, पण मनात तेवढे पावणेचौदा मिळवून ठेवा.